वीस वर्ड फायली एकत्र जोडल्या की मांडणी दरवेळी का विस्कटते, आणि त्यावर काय करायचं

लक्षणं साधारण अशी असतात. गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, शाळेचा वार्षिक अंक किंवा कॉलेजचा अहवाल तयार करायचा असतो. वीसेक जणांकडून वर्डच्या फायली येतात. त्या एकाखाली एक जोडायला घेतल्या की पहिले दोन-तीन लेख बरे दिसतात. मग चौथ्या लेखाचा फॉन्ट वेगळाच निघतो, सातव्यातलं मराठी गायब होऊन तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, मधेच एक पान आडवं होतं, पानांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात आणि अध्यक्षांच्या मनोगताच्या डोक्यावर खजिनदारांच्या लेखाचं नाव येऊन बसतं. छपाईची तारीख डोक्यावर असते, म्हणून कुणीतरी रात्र जागून हे सगळं हाताने निस्तरतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण दुरुस्ती नेहमी जोडून झाल्यावर केली जाते. दहा घरची आमटी एका पातेल्यात ओतल्यावर मीठ कुणाच्या आमटीत जास्त होतं हे कळायला मार्ग नसतो. इथेही तसंच. फाइल वेगळी असताना तिच्यात काय गडबड आहे ते पाच मिनिटांत कळतं. जोडल्यावर तीच गडबड शेजारच्या चार लेखांत मिसळलेली असते. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातला बराचसा भाग जोडण्याच्या आधीचा आहे. जोडणं हे काम तसं दोन मिनिटांचंच.

आधी ते दोन मिनिटांचं काम

कोरी फाइल उघडा आणि ती डॉक्सएक्स म्हणून सेव्ह करा. कुणाचीतरी आलेली फाइल पाया म्हणून वापरू नका, कारण तिच्या पोटातले सगळे नियम मग अख्ख्या अंकाला लागतात. 'इन्सर्ट' टॅबवर उजवीकडे 'ऑब्जेक्ट' असतं. त्याच्या शेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की 'टेक्स्ट फ्रॉम फाइल' हा पर्याय दिसतो. तोच वापरायचा. बाणाऐवजी थेट 'ऑब्जेक्ट'वर क्लिक करून 'क्रिएट फ्रॉम फाइल' निवडलं तर आलेली फाइल चौकटीत बंद होऊन बसते, तिचं पहिलंच पान दिसतं आणि बाकीचा लेख कुठे गेला म्हणून शोधाशोध सुरू होते. ही चूक इतकी सर्रास होते की 'वर्ड एकच पान जोडतो' अशी तक्रार कुणी केली तर मी आधी हेच विचारतो.

'रिव्ह्यू' टॅबमध्ये 'कंपेअर'च्या खाली 'कम्बाइन' असतं. नाव बघून तिकडे जाऊ नका. एकाच मजकुरावर दोघांनी वेगवेगळ्या दुरुस्त्या केल्या असतील तर त्या एकत्र करण्यासाठी ते आहे. दोन वेगळे लेख त्यात घातले तर सगळं पान लाल रेघांनी भरून जातं.

'टेक्स्ट फ्रॉम फाइल'मध्ये एकदम अनेक फायली निवडता येतात, पण क्रम उलटसुलट लागू शकतो. क्रम हवा असेल तर फायलींच्या नावांना आधी क्रमांक द्या, असं मायक्रोसॉफ्टही सांगतं. नावाच्या सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत शून्य-एक, शून्य-दोन असे दोन अंकी क्रमांक द्या. नुसते एक-दोन दिले तर काही ठिकाणी दहावा लेख दुसऱ्याच्या आधी येतो. तरीही माझा सल्ला एकेक लेख स्वतंत्र जोडण्याचा आहे. वीस लेखांना वीस वेळा क्लिक करावं लागतं हे खरं, पण कोणता लेख आल्यावर काय बिघडलं हे तिथल्या तिथे दिसतं आणि कंट्रोल झेड दाबून मागे जाता येतं.

नियम कुणाचे चालतात?

प्रत्येक वर्ड फाइल मजकुरासोबत स्वतःच्या स्टाइल्सही (शीर्षक, परिच्छेद कसे दिसावेत याचे नाव दिलेले नियम) घेऊन येते. दोन फायलींमध्ये 'नॉर्मल' नावाची स्टाइल असते, पण तिचा अर्थ वेगळा असतो. वर्ड २००३ मध्ये नॉर्मल म्हणजे टाइम्स न्यू रोमन १२. २००७ पासून कॅलिब्री ११ आणि प्रत्येक परिच्छेदाखाली १० पॉइंटची मोकळी जागा. २०१३ मध्ये ती जागा ८ पॉइंटवर आली. २०२३ पासून कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस आला. लेखकाने काहीच बदललं नसलं तरी त्याच्या संगणकाच्या वयानुसार त्याचा लेख वेगळा दिसतो, तो यामुळे.

जोडताना एकाच नावाच्या दोन स्टाइल्स समोरासमोर आल्या की ज्या फाइलमध्ये जोडतोय तिची स्टाइल जिंकते. हे आपल्या फायद्याचं आहे. आपल्या कोऱ्या फाइलमध्ये नॉर्मल, हेडिंग १, हेडिंग २ नीट ठरवून ठेवले की येणारे लेख आपोआप त्या साच्यात बसायला हवेत. बसत नाहीत, कारण बहुतेक लोक स्टाइल वापरतच नाहीत. शीर्षक निवडायचं, आकार १८ करायचा, बोल्ड करायचं, मधोमध आणायचं; हे सगळं थेट त्या ओळीवर चिकटवलेलं असतं आणि थेट चिकटवलेलं स्टाइलला जुमानत नाही.

तर लेख वेगळा असतानाच हे चिकटवलेलं काढा. मजकूर निवडून कंट्रोल आणि स्पेसबार दाबलं की अक्षरांवरचं काम निघतं. कंट्रोल आणि क्यू दाबलं की परिच्छेदावरचं. मग शीर्षकाला हेडिंग १ लावा. मात्र कंट्रोल-स्पेसने तिरपी आणि ठळक अक्षरंही साधी होतात. एखाद्या लेखात ती मुद्दाम, विचार करून वापरली असतील तर तो लेख कॉपी करून आपल्या फाइलमध्ये चिकटवा आणि चिकटवण्याच्या पर्यायांतून 'मर्ज फॉरमॅटिंग' निवडा. ठळक-तिरपं राहतं, बाकी आपल्याकडचं लागतं. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' हा पर्याय दिसायला सोयीचा वाटतो, कारण लेख जसा होता तसा दिसतो. पण दहा लेख तसे चिकटवले की स्टाइल्सच्या यादीत ओळख न पटणारी तीस-चाळीस नावं जमतात आणि पुढे एकही बदल सगळीकडे सारखा लागत नाही.

जुन्या फॉन्टमधला लेख असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. आधी फॉन्टचं बघा, ते पुढे येतंच.

आडवं पान, उड्या मारणारे पानक्रमांक, भलतीच हेडर

ह्या तिन्हींचं मूळ एकच: सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचे भाग (सेक्शन) पाडणारी खूण. पानाचा आकार, मार्जिन, पान उभं की आडवं, हेडर-फूटर (पानाच्या डोक्यावरचा आणि तळाचा मजकूर) आणि पानक्रमांक या गोष्टी वर्ड सेक्शनला जोडून ठेवतो, आणि त्या सेक्शनच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवतो. सुरुवातीला नाही, शेवटी. फाइलच्या सगळ्यात शेवटच्या सेक्शनला ब्रेक नसतो. त्याची माहिती फाइलच्या अखेरीस असते.

एवढं लक्षात ठेवलं की दोन कोडी सुटतात. पहिलं: साधी, एकाच सेक्शनची फाइल जोडली की तिचे मार्जिन आणि हेडर येत नाहीत, कारण ते अखेरीस साठवलेले असतात आणि तो भाग सोबत येत नाही. पण लेखकाने मधे एखादं आडवं तक्त्याचं पान घातलं असेल तर फाइलमध्ये ब्रेक असतात, आणि ब्रेकसोबत त्याचे मार्जिन, हेडर, पानक्रमांक सगळं आत शिरतं. दुसरं: 'हा नको असलेला ब्रेक काढून टाकू' म्हणून डिलीट दाबलं की वरचा लेख खालच्या सेक्शनचे नियम उचलतो. उभी पानं आडवी होतात ती इथे. लोक घाबरून आणखी ब्रेक घालतात आणि गुंता वाढतो.

परदेशातून आलेल्या लेखांत याचाच आणखी एक प्रकार दिसतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळातल्या कुणी लेख पाठवला तर त्याचं पान बहुधा लेटर आकाराचं असतं, २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. आपलं ए-फोर २१० बाय २९७. लेखात ब्रेक असेल तर अंकाच्या मधली चार पानं बुटकी आणि थोडी रुंद होतात. पडद्यावर ते जाणवत नाही, पीडीएफ छापखान्यात गेल्यावर कळतं.

उपाय: येणाऱ्या लेखातले सेक्शन ब्रेक तो लेख वेगळा असतानाच काढा. ते दिसत नसतील तर 'व्ह्यू' टॅबमधून 'ड्राफ्ट' निवडा. दुहेरी ठिपक्यांच्या रेघेवर त्यांचं नाव लिहिलेलं दिसतं. फार असतील तर 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये 'मोअर', मग 'स्पेशल', त्यातून 'सेक्शन ब्रेक' शोधायला घाला आणि बदलायच्या रकान्यात काहीच लिहू नका. खरोखर आडवा तक्ता असेल तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन ब्रेक ठेवा, पण दोन्हींच्या पुढच्या सेक्शनमध्ये हेडरवर दोनदा क्लिक करून 'लिंक टू प्रीव्हियस' चालू आहे ना ते बघा आणि पानक्रमांकाच्या 'फॉरमॅट'मध्ये 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन' निवडा.

बरेच जण प्रत्येक लेख नव्या पानावर यावा आणि हेडरमध्ये त्या लेखाचं नाव दिसावं म्हणून प्रत्येक लेखाला वेगळा सेक्शन करतात. याची काहीच गरज नाही. हेडिंग १ या स्टाइलच्या परिच्छेद-मांडणीत, 'लाइन अँड पेज ब्रेक्स'खाली, 'पेज ब्रेक बिफोर' वर खूण करा. प्रत्येक शीर्षक आपोआप नव्या पानावर जातं. आणि हेडरमध्ये नाव टाइप करण्याऐवजी 'इन्सर्ट', 'क्विक पार्ट्स', 'फील्ड' या वाटेने 'स्टाइलरेफ' फील्ड घाला आणि त्यात हेडिंग १ निवडा. ज्या पानावर जो लेख चालू असेल त्याचं शीर्षक हेडरमध्ये येतं. एकच सेक्शन, एकच हेडर, वीस लेख. माझ्या मते ही अख्ख्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे, आणि वर्ड वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते.

मराठी गायब होऊन इंग्रजी चिवडा येतो तेव्हा

श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएम या टायपिंगच्या प्रोग्राममधले सुरेख-योगेश यांसारखे फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीपासून आपल्याकडे आहेत आणि छापखाने, वकील, जुने टंकलेखक यांच्याकडे अजूनही चालतात. त्यांत टाइप केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. कृतीदेवमध्ये 'मराठी' असं लिहिलं तर फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि लहान एच ही पाच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी म, र, काना, ठ आणि वेलांटी यांची चित्रं दाखवतो. सगळा अंक एकसारखा दिसावा म्हणून कुणी कंट्रोल-ए करून मंगल हा युनिकोड फॉन्ट लावला की चित्रं जातात आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

असं झालंच असेल तर घाबरू नका, आणि सेव्हही करू नका. कंट्रोल झेडने मागे जा. ते शक्य नसेल तर त्या मजकुराला मूळ फॉन्ट परत लावा, मराठी परत येतं. अट एवढीच की मधल्या काळात ऑटोकरेक्टने हात मारलेला नसावा. तो वाक्याच्या सुरुवातीचं अक्षर कॅपिटल करतो, आणि या फॉन्टमध्ये लहान आणि कॅपिटल अक्षर म्हणजे दोन वेगळी मराठी अक्षरं. सरळ अवतरणचिन्हं वळवतो, तिथेही अक्षर बदलतं. जुन्या फॉन्टच्या फायली हाताळायच्या दिवशी ऑटोकरेक्ट बंद ठेवलेला बरा.

खरा उपाय म्हणजे जोडण्याआधी प्रत्येक लेख युनिकोडमध्ये बदलून घेणं. त्यासाठी बदलणारे प्रोग्राम मिळतात, पण नेमका कोणता फॉन्ट आहे हे त्यांना सांगावं लागतं, कारण प्रत्येक घराण्याची अक्षरांची जुळणी वेगळी आहे. लेख वेगळा असताना कर्सर मजकुरात ठेवला की फॉन्टच्या रकान्यात नाव दिसतं. एकदा सगळ्यांना मंगल लावून जोडून टाकलं की हे नावच पुसलं जातं, आणि मग कोणता तुकडा कृतीदेवचा आणि कोणता श्रीलिपीचा हे अंदाजाने ठरवावं लागतं. जोडण्याआधी साफसफाई करा असं मी इतक्या हट्टाने सांगतो, ते मुख्यतः या एका कारणासाठी.

बदलताना एक अडचण हमखास येते. लेखात मधे मधे खरी इंग्रजी नावं, ईमेल पत्ते, संकेतस्थळं असतात. ती टाइम्समध्ये लिहिलेली असतात, पण मजकूर बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये नुसता चिकटवला की फॉन्टचा भेद उरत नाही आणि त्या इंग्रजी शब्दांचंही निरर्थक मराठी होतं. ते शब्द आधी कागदावर उतरवून ठेवा आणि नंतर परत टाइप करा. बदलून झालेल्या मजकुरात र्‍हस्व वेलांटी, रफार, पोटफोड्या ष, ज्ञ, द्य, श्र आणि आकडे आवर्जून वाचा. जुन्या फॉन्टमध्ये र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवावी लागते. 'स्थिती', 'शक्तिमान' अशा जोडाक्षरांच्या शब्दांत ती भलत्या अक्षरावर जाऊन बसू शकते. इथे प्रोग्रामवर विसंबू नका, लेखकालाच एकदा वाचायला पाठवा.

फॉन्ट बदलला, तरी मराठी बदलत नाही

ही तक्रार वरच्याच्या उलट आहे. लेख युनिकोडमध्ये आहे, सगळं निवडून फॉन्ट कोकिला केला, आकार १४ केला; इंग्रजी शब्द बदलले, मराठी तसंच. किंवा शीर्षकातलं इंग्रजी ठळक झालं, मराठी नाही.

वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो, आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार, ठळकपणा हे सगळं वेगळं साठवतो. म्हणजे प्रत्येक स्टाइलमध्ये दोन फॉन्ट असतात: एक रोमनचा, एक देवनागरीचा. वेगवेगळ्या फायलींत ही दुसरी बाजू वेगवेगळी असते आणि ती नजरेआड असते. ती दिसण्यासाठी 'फाइल', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज' इथे मराठी भाषा जोडून वर्ड बंद करून उघडा. मग कंट्रोल-डी दाबल्यावर येणाऱ्या फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग दिसतो. स्टाइल बदलायच्या खिडकीतही कोणत्या लिपीसाठी बदलायचं हे विचारणारा रकाना येतो. हेडिंग १ आणि नॉर्मल या दोन्हींमध्ये तिथे एकदा नीट फॉन्ट आणि आकार भरा; एकेका परिच्छेदावर करू नका.

एखादा परिच्छेद तरीही ऐकत नसेल तर त्यात कर्सर ठेवून शिफ्ट आणि एफ-१ दाबा. उजवीकडे पट्टी उघडते आणि कोणती गोष्ट स्टाइलमधून आली, कोणती थेट लावलेली आहे ते तिथे कळतं.

आकाराबद्दल एक. मंगल १२ आणि कोकिला १२ शेजारी ठेवून बघा, कोकिला बराच लहान दिसतो. मंगलच्या ओळी उंच असतात, म्हणून फॉन्ट मिसळले की ओळींमधली अंतरं वरखाली होतात. काही जण यावर 'लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली' करतात. चालतं, पण आकडा कमी पडला तर वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात, आणि त्या परिच्छेदात ओळीतला फोटो असेल तर त्याची फक्त पातळ पट्टी दिसते. 'फोटो उडाला' म्हणून जे फोन येतात त्यांतले बरेच याचेच असतात. फोटोच्या परिच्छेदाला 'सिंगल' करा, फोटो जागेवरच सापडेल.

सारखं दिसणारं पण सारखं नसलेलं

अंक जोडून झाला, सगळं एकसारखं दिसतंय, पण 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर निम्मेच सापडतात. कारण हा र दोन प्रकारे लिहिता येतो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त आणि य असं साठवतात. काही साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक आणि य असं साठवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. 'ॲ'चंही तसंच: तो एक स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये युनिकोडमध्ये आला, त्याआधीच्या सवयीने काही जण अजूनही अ आणि वर चंद्र असा लिहितात. एका लेखकाच्या फाइलमध्ये हे कधीच जाणवत नाही. वीस लेखक एकत्र आले की जाणवतं, विशेषतः शेवटी नावांची सूची करायची असेल किंवा पीडीएफमध्ये शोध चालायला हवा असेल तर.

कोणता प्रकार आहे हे बघायला अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, तिथे त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो; पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. ऱचा क्रमांक ०९३१. बदलायचं असेल तर शोधायचा तुकडा टाइप करू नका, मजकुरातूनच उचलून चिकटवा. आणि 'रिप्लेस ऑल'च्या आधी दोन-तीन ठिकाणी 'फाइंड नेक्स्ट'ने खात्री करा.

किरकोळ, पण रोजचे

व्हॉट्सॲपवरून उचललेल्या लेखांत ठळक शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारे असतात. ते शोधून काढा. ईमेलमधून आलेल्या मजकुरात परिच्छेदाच्या जागी नुसती ओळ तोडलेली असते, म्हणून दोन्ही बाजूंनी सरळ केलेल्या मांडणीत शब्द ताणून लांब लांब जातात. 'स्पेशल'मधून 'मॅन्युअल लाइन ब्रेक' शोधून त्याजागी 'पॅराग्राफ मार्क' घाला. फक्त कविता असलेल्या फायलींवर हे चालवू नका. कवीने ओळ तोडलेली असते ती मुद्दाम, आणि प्रत्येक ओळीखाली मोकळी जागा पडल्यावर त्याचा फोन येणारच.

कोरी पानं दिसली तर कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून खुणा उघड्या करा. बहुतेक वेळा कुणीतरी पान भरेपर्यंत एंटर दाबलेलं असतं. अहवालांमध्ये प्रत्येक विभागाची स्वतःची अनुक्रमणिका असते. जोडल्यावर ती प्रत्येक अनुक्रमणिका अख्ख्या अहवालाची होऊन बसते, तेव्हा आधीच काढा. यादीचे क्रमांक मागच्या लेखावरून पुढे चालू राहिले तर पहिल्या क्रमांकावर उजवं क्लिक करून 'रीस्टार्ट ॲट १'. तळटीपा प्रत्येक लेखात एकपासून हव्या असतील तर त्यासाठी मात्र सेक्शन लागतात. मी एकसलग क्रमांक ठेवणं पसंत करतो. कुणाच्या फाइलमध्ये दुरुस्त्यांच्या लाल खुणा असतील तर त्या मान्य किंवा अमान्य करूनच जोडा, नाहीतर खोडलेलं वाक्य छापून यायचं.

एकच फाइल जोडताना वर्ड बंद पडत असेल तर ती फाइल आतून बिघडलेली असू शकते. नवी फाइल घेऊन तिच्यात शेवटची परिच्छेदखूण सोडून बाकी सगळं चिकटवा. बिघाड बऱ्याचदा त्या शेवटच्या खुणेत अडकलेला असतो. तरीही नाही जमलं तर लिब्रेऑफिसमध्ये उघडून डॉक्सएक्स म्हणून पुन्हा सेव्ह करा. वर्ड ज्या फायलींना हात लावायला तयार नसतो त्यातल्या काही तिथे उघडतात.

मास्टर डॉक्युमेंट वापरावं का, असं विचारलं जातं. वर्डमध्ये नको. मोठ्या फायलींत ते बिघडण्याबद्दल बदनाम आहे आणि बिघडलं की सोबतच्या मूळ फायलीही ओढतं. लिब्रेऑफिसमधली मास्टर डॉक्युमेंटची सोय त्या मानाने भरवशाची आहे. पुस्तक मोठं आणि प्रकरणं वेगवेगळ्या लोकांकडे असतील तर तिकडे जाणं योग्य. तिथेही मराठीसाठी भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करावंच लागतं. साध्या जोडणीसाठी तिथे 'इन्सर्ट'खाली 'टेक्स्ट फ्रॉम फाइल' आहेच.

उशिरा आलेला लेख

अंक लागला, पीडीएफ निघाली, आणि कार्याध्यक्षांचा लेख आला. हे गृहीतच धरा. मूळ फायलींचा आणि साफ केलेल्या फायलींचा असे दोन वेगळे फोल्डर असतील आणि जोडलेल्या अंकाची प्रत्येक टप्प्यावरची प्रत वेगळ्या नावाने ठेवली असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. लेख आधी वेगळा साफ करा, घाई असली तरी. मग ज्या लेखाच्या आधी तो घालायचा, त्याच्या मागच्या लेखाच्या शेवटी जाऊन एंटर दाबा, त्या रिकाम्या ओळीला नॉर्मल लावा आणि तिथे जोडा. पुढच्या शीर्षकाच्या तोंडाशी कर्सर ठेवून जोडलं तर नव्या लेखाची शेवटची ओळ त्या शीर्षकाला चिकटू शकते आणि अनुक्रमणिकेत एक भलतंच लांबलचक नाव येतं. जोडल्यावर कंट्रोल-ए, एफ-९, आणि विचारल्यावर 'अपडेट एंटायर टेबल' निवडा; नुसते पानक्रमांक बदलण्याचा पर्याय घेतला तर नव्या लेखाचं नाव अनुक्रमणिकेत येत नाही. हेडरमधली नावं एफ-९ ने नाही, छपाईच्या पूर्वदृश्यात गेल्यावर ताजी होतात, म्हणून पीडीएफ काढण्याआधी एकदा तिकडे जाऊन या.